जुन्या २३० ई मधला पाचवा इंजेक्टर: कोकणात ठेवायचा की काढायचा?

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. विषय मामांच्या गाडीचा आहे.

मामा कुवेतला होते. ८९ साली कायमचे परत आले तेव्हा आपली १९८३ची मर्सिडीज २३० ई (डब्ल्यू १२३) बोटीने मुंबईला आणली. वर्षभरात तिथे युद्ध झालं आणि मागे राहिलेल्या त्यांच्या दोस्तांच्या गाड्या तिथेच गेल्या. त्यामुळे या गाडीवर मामांचा जीव होता. मामा गेले, गाडी मामीने माझ्या हातात दिली. राजापूरजवळ आमच्या गावात मांगरात उभी असते, आठवड्यातून दोनदा तरी चालवतो.

आता त्रास सांगतो. सकाळी गाडी छान लागते. रत्नागिरीला जाऊन बाजारात वीस मिनिटं उभी केली की परत लागताना सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ येते. पेट्रोलचा वास येतो, लागली की मागून काळा धूर येतो. पूर्वी लिटरला साडेआठ-नऊ द्यायची, आता सहाच्या वर जात नाही.

आमच्या मेकॅनिकने बोनेट उघडून इनटेकवर, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीवर, बसवलेला एक इंजेक्टर दाखवला. चार सिलिंडरना चार इंजेक्टर आहेतच, हा पाचवा. म्हणाला, हा बर्फातल्या थंडीसाठी, आपल्याकडे थंडी आहे कुठे? हा काढू, त्याचा स्विच काढू, शेजारची ती वायर लागलेली डबी काढू, थर्मोस्टॅटही काढू, इंजिन मोकळं होईल. माणूस प्रामाणिक आहे, आमची सगळी वाहनं त्यानेच सांभाळली. पण मामांनी पस्तीस वर्षं जे काढलं नाही ते मी एका दुपारी काढावं का? काढलं तर भोक कसं बंद करायचं? जाणकारांनी कृपया सांगा.

मालवणचो_झील
पेट्रोलाचो वास येता म्हणतंस आणि प्रश्न इचारतंस थंडीचो? पयल्यांदा गळता खंय ता बघ. गाडी मांगरात ठेवतंस मां? थंय पेंढो आसा काय? आसलो तर आजच्या आज भायर काढ.

खाडीपल्याड
पेंढा आहे. उद्या सकाळीच हलवतो. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं, धन्यवाद.

नाना_दापोली
मेकॅनिकचं अर्धं बरोबर आहे. मी सात वर्षं ॲम्बेसेडर चालवली, नंतर पद्मिनी, दोन्ही दापोलीत. डिसेंबर-जानेवारीचे पंधरा दिवस सोडले तर चोकला हात लावायची वेळ यायची नाही. ॲम्बेसेडरच्या एसयू कार्बोरेटरमध्ये चोक ओढला की जेट खाली उतरतो आणि सुईभोवती पेट्रोलला जास्त वाट मिळते. एवढं साधं काम. आमच्या पद्मिनीत चोकच्या नॉबला सौ. दर गुरुवारी दत्ताचा हार अडकवायची. चोक ओढला की हार हलायचा, मुलं म्हणायची, बाबा, देवाने मान डोलावली, आता गाडी लागणार!

तेव्हा हवामानाचा विचार केला तर काढून टाका, काही बिघडत नाही.

कुवेतरिटर्न
खाडीपल्याड भाऊ, तुमच्या मामूंसारखाच मी. बावीस वर्षं कुवेतमध्ये गॅरेजात हेच काम केलं, आता मंडणगडला घरी असतो. ही गाडी माझ्या हाताखालून इतक्या वेळा गेली आहे की डोळे मिटून सांगतो.

तुमच्या इंजिनात बॉशची के-जेट्रॉनिक आहे. १९७३ पासून ही पद्धत बाजारात आली. यातले चार इंजेक्टर आपल्या कारच्या आताच्या इंजेक्टरसारखे टकटक करत नाहीत. इंजिन चालू आहे तोवर सलग फवारतात. हवा किती आली ते एक गोल तबकडी उचलून मोजते आणि त्या हिशोबाने पेट्रोलची वाट कमी-जास्त होते. लाइनमध्ये दाब साधारण ५ बार. आता थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, कारण थंड नळीच्या भिंतीवर निम्मं पेट्रोल थेंब होऊन चिकटतं. ते जास्तीचं पेट्रोल देणारी माणसं तीन आहेत, आणि तुमचा मेकॅनिक त्यांना एक समजतो.

एक, पाचवा इंजेक्टर, म्हणजे कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह. हा फक्त सेल्फ फिरत असताना फवारतो. त्याला सेल्फच्या वायरीतून करंट मिळतो आणि अर्थ (म्हणजे करंट परत जायची निगेटिव्ह बाजू) मिळतो तो थर्मो-टाइम स्विचमधून. स्विच पाण्याच्या वाटेत बसवलेला असतो. आत दोन धातूंची पट्टी असते, ती इंजिनाच्या गरमीने आणि स्वतःच्या छोट्या हीटरने वाकते आणि अर्थ तोडते. म्हणजे कोणी मिनिटभर सेल्फ मारत बसला तरी इंजिन पेट्रोलने बुडणार नाही.

दोन, ती वायर लागलेली डबी. तिला वॉर्म-अप रेग्युलेटर म्हणतात. गाडी लागल्यावर पहिली काही मिनिटं मिश्रण थोडं जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवणं आणि मग हळूहळू पातळ करणं हे तिचं काम. पण इंजिन गरम झाल्यावरचा कंट्रोल दाबही, म्हणजे पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा दाब, तीच धरते! ती काढली तर गाडी चालणारच नाही. तिला थंडीचं सामान समजून हात लावू देऊ नका.

तीन, ज्या इंजिनात असेल तिथे जादा हवेची झडप, थंड असताना स्लो (उभ्या गाडीत इंजिन फिरायची गती) वाढवून ठेवणारी.

तुमचा प्रश्न फक्त पहिल्याचा आहे. आणि त्यात अजून एक गोष्ट: थर्मो-टाइम स्विचच्या षटकोनावर दोन आकडे कोरलेले असतात, अंश आणि सेकंद. तेवढे वाचून इथे लिहा.

सुरंगीचा_वळेसर
वा चाचा, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. मी दुचाकीपलीकडे गेले नाही, पण हा धागा आता धरून ठेवणार.

तेलकट_हात
चाचांचं सगळं मान्य, पण निदान इतक्यात पाचव्या इंजेक्टरवर आणू नका. गरम गाडी लागत नाही म्हटल्यावर माझा पहिला संशय ॲक्युम्युलेटरवर जाईल. पेट्रोल पंपाजवळ एक डबा असतो, आत पडदा आणि स्प्रिंग. गाडी बंद केल्यावर लाइनमध्ये दाब धरून ठेवायचं काम त्याचं. दाब गेला की बोनेटखालच्या गरमीने लाइनमधलं पेट्रोल उकळतं, वाफ होते, आणि मग सेल्फ मारत बसा. सकाळी गाडी थंड असते म्हणून वाफ होत नाही, गाडी लागते. लक्षणं तंतोतंत जुळतात.

कुवेतरिटर्न
तेलकट भाऊ, लक्षण जुळतं, पण एक जुळत नाही. वाफेने अडलेली गाडी लागल्यावर काळा धूर देत नाही, ती उलट भुकेली असते, अडखळत लागते. इथे काळा धूर आहे, वास आहे, ॲव्हरेज सहावर आलंय. जास्तीचं पेट्रोल कुठून तरी आत जातंय. आणि पाचवा इंजेक्टर गळत असेल तर लाइनमधला दाबही त्याच वाटेने जातो. म्हणजे तुमचं लक्षणही त्यातच आलं.

तेलकट_हात
धूर विसरलो होतो, बरोबर. तरी दोन्ही तपासावं असं म्हणेन. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत दोन्ही गेले होते आणि मी एकच बदलून तिला दोनदा टो करून आणली आहे.

घाटावरचा
कोल्हापूरहून नमस्कार. एकच विचारतो, गाडी कायम कोकणातच राहणार का? तुमच्याकडे जानेवारीच्या पहाटे १८-२० अंश. आंबा घाट चढून आमच्याकडे आलात की त्याच पहाटे १२-१३ होतं. आंबोलीत मुक्काम केला तर त्याहून खाली. साहेबांची गाडी घेऊन पाहुण्याकडे लग्नाला यायचं आणि सकाळी वऱ्हाडाने ढकलायची, बरं दिसेल का?

नाना_दापोली
मुद्दा आहे. पण १२ अंशाला तरी इंजेक्शनची गाडी लागायला काय हरकत?

देवगडकरीण
नाना, "आपल्याकडे थंडी कुठे" हे वाक्य आमच्या घरात एकदा फार महाग पडलंय, म्हणून लिहिते.

बाबांची महिंद्राची जीप होती, एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन. आंब्याच्या पेट्या बागेतून आणायला तीच. त्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये जात नाही, आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं, आणि त्या कप्प्यात हीटर प्लग असतात. दोन प्लग जळले तेव्हा एकाने सांगितलं, देवगडला हीटर कशाला, वायरच काढून टाका. काढली. मार्च-एप्रिलमध्ये कळलंच नाही. पावसाळ्यात सकाळी सेल्फ लांबायला लागला. तेव्हा २४-२५ अंश तरी होतं, थंडी नव्हेच. पण त्या कप्प्याच्या भिंती दाबलेल्या हवेची गरमी खाऊन टाकतात, म्हणून अशा इंजिनाला आपल्या हवेतही हीटर हवाच. पांढरा धूर, डोळे चुरचुरणार, आणि सेल्फ मारून मारून शेवटी सेल्फची मोटर गेली. पुढच्या हापूसच्या ऐन दिवसांत जीप चार दिवस दारात. बाबा रोज सकाळी तिच्याकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

पेट्रोलचं वेगळं हे मला कळतं. पण हवा गरम आहे म्हणून इंजिन गरम आहे असं होत नाही, एवढंच सांगायचं होतं.

नाना_दापोली
देवगडकरीण, वाचून गप्प झालो. माझं "काढून टाका" मागे घेतो, आधी तपासू द्या.

खाडीपल्याड
सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी आता अंगणात आहे, पेंढ्यापासून लांब.

आज चिंधीने पुसून, भिंग लावून स्विच वाचला. ३५ अंश आणि ८ सेकंद असं आहे. चाचा, याचा अर्थ काय?

कुवेतरिटर्न
अर्थ असा, की इंजिनाचं पाणी ३५ अंशाच्या खाली असेल तर स्विच अर्थ देणार. आठ सेकंद ही कडाक्याच्या थंडीतली, म्हणजे उणे २० च्या आसपासची, सगळ्यात मोठी वेळ. जितकं गरम तितकी वेळ कमी.

आता हिशोब करा. राजापूरला मे महिन्याच्या पहाटेसुद्धा रात्रभर उभ्या इंजिनाचं पाणी २६-२७. म्हणजे ३५ च्या खालीच! तुमचा पाचवा इंजेक्टर कोकणात बिनकामाचा नाही, बाराही महिने सकाळी पहिल्या सेल्फला एक-दोन सेकंद फवारायचा असा त्याचा हिशोब आहे. बर्फासाठी बसवलाय हे ऐकीव. कुवेतलाही तेच सामान यायचं आणि तिथे जानेवारीच्या रात्री वाळवंटात दात वाजतात.

त्याच्याशिवाय आपल्या हवेत गाडी लागेल का? लागेल. डबी आपलं काम करते, दोन सेल्फ जास्त लागतील. म्हणून काढणं पाप नाही. पण आधी गळतो का ते बघा.

तपास असा. इंजिन पूर्ण थंड, गाडी उघड्यावर, जवळ अग्निशामक, आसपास विडी-काडी नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजेक्टरची वायरीची कॅप काढा. दोन बोल्ट काढून इंजेक्टर इनटेकमधून बाहेर घ्या, पेट्रोलची लाइन जोडलेलीच ठेवा. तोंड कोरडं पुसा आणि काचेच्या बरणीत धरा. मग निगेटिव्ह लावून पंपाच्या रिलेला जंप देऊन पंप चालवा. हवेच्या तबकडीला चुकूनही हात लावू नका, नाहीतर बाकीचे चार इंजेक्टर इंजिनात फवारतील. एक मिनिट बघा. करंट नसताना इंजेक्टरने एक थेंबही टाकायला नको. हे एकट्याने करू नका, मेकॅनिकला सोबत घ्या. लाइनमध्ये दाब असतो, कुठलाही जोड सोडवताना वर फडकं धरा, डोळ्यावर चष्मा घाला.

तेलकट_हात
यात एक भर. त्याच वेळी काढलेल्या कॅपमध्ये टेस्ट लॅम्प लावा आणि थंड इंजिनावर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पण हे बरणीच्या तपासाबरोबर नको, इंजेक्टर परत बसवून, पेट्रोल पुसून, वास गेल्यावर. दिवा एक-दोन सेकंद लागला पाहिजे. समुद्राकाठच्या गाड्यांत निम्म्या तक्रारी कॅप आणि अर्थच्या असतात. खाऱ्या हवेने पितळ हिरवं होतं, आतून वायर काळी पडते, वरून काही दिसत नाही.

अबोली७१
मध्येच विचारते, माफ करा. आमच्या मारुती ८०० चा थर्मोस्टॅट दोन वर्षांपूर्वी मेकॅनिकने काढून टाकला, "गाडी थंड राहील" म्हणून. मूळ पोस्टमध्येही थर्मोस्टॅटचं आलंय. ते चूक होतं का?

तेलकट_हात
ताई, ते चूकच. थर्मोस्टॅट हे थंडीचं सामान नाही. इंजिनाला त्याच्या ठरलेल्या गरमीला, म्हणजे ८०-९० अंशांच्या पट्ट्यात, लवकर नेऊन तिथे धरून ठेवायचं काम त्याचं. तो काढला की छोट्या धावेत इंजिन तिथे पोचतच नाही. पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधलं पाणी उडून जात नाही, रिंगा झिजतात. बाजारात जाऊन परत येणाऱ्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान. आणि ज्या इंजिनात बायपासची वाट आहे तिथे थर्मोस्टॅट नसला की काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं, मग घाटात गाडी उलटी तापते. नवा बसवून घ्या, फार खर्चाचं काम नाही.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढणारा रेडिएटर साफ करायचा कंटाळा करतो, असं आमचे उस्ताद म्हणायचे. ऐकायला कडू आहे, पण मला ते पटतं.

अबोली७१
उद्याच टाकून घेते. ॲव्हरेज का पडलं ते आज कळलं.

घाटावरचा
आता पेट्रोलचंही बोला ना कोणीतरी. पंपावर आता ई-२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २०२३ च्या फेब्रुवारीपासून सुरू झालं, आता सगळीकडे तेच. १९८३ च्या गाडीला ते कसं मानवेल?

कुवेतरिटर्न
चांगली आठवण केलीत. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा, वजनाने. निव्वळ इथेनॉलला फक्त ९. के-जेट्रॉनिक तबकडीने हवा मोजते आणि जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने देते, तिला कळत नाही की आत काय भरलंय. त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला गरमी जास्त लागते, म्हणजे थंड इंजिनात ते जास्त आळशी. म्हणून मी म्हणेन, पूर्वी जो इंजेक्टर नसता तरी चाललं असतं, तो ई-२० वर सकाळी थोडा जास्त कामाचा झालाय. जुने रबरी पाइप आणि सीलही याने फुगतात, मऊ पडतात. सगळे पाइप एकदा बोटाने दाबून बघा.

नाना_दापोली
आणि पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवेत पाणीच पाणी. इथेनॉल पाणी ओढतं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं आणि टाकीला गंज धरतो. तो गंज पुढे कुठे जाणार?

कुवेतरिटर्न
फ्युएल डिस्ट्रिब्यूटरमध्ये, नाना, इंजेक्टरना पेट्रोल वाटून देतो तो. आत एक दांडी असते, केसाइतक्या फटीत सरकणारी. ती अडकली की गाडीचा खर्च विचारू नका. टाकी भरलेली आणि फिल्टर वेळेवर, या गाडीचं औषध हेच.

खाडीपल्याड
मंडळी, काल तपास झाला. मेकॅनिकला हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. तो गप्प ऐकत होता, मग म्हणाला, "डबीचं मला ठाऊक नव्हतं. चाचांना माझा सलाम सांगा." सांगतोय.

बरणीत एका मिनिटात अकरा थेंब पडले. मोजले, कारण मामीही शेजारी उभी राहून मोजत होती. इंजेक्टर बंद असतो तेव्हा आतलं सील घट्ट बसायला हवं, चाळीस वर्षांत ते कडक झालं असणार. ॲक्युम्युलेटरही तपासला, म्हणजे इंजेक्टरची लाइन तात्पुरती बंद करून गेज लावलं. अर्ध्या तासानंतरही दाब बऱ्यापैकी टिकला. तेलकटदादा, तो सध्या निर्दोष.

आता खरी गंमत. आज सकाळी टेस्ट लॅम्प लावला. सेल्फ मारला, दिवा लागलाच नाही. कॅप सोलून बघितली तर आत हिरवी पूड. म्हणजे हा इंजेक्टर किती तरी वर्षं फवारतच नव्हता, नुसता गळत होता. आणि सकाळी गाडी लागत होती ती त्या गळतीवर की डबीवर, देव जाणे!

तेलकट_हात
थोडी गळतीवर, थोडी डबीवर. रात्रभर दाब उतरेपर्यंत ठिबकलेलं पेट्रोल इनटेकमध्ये असायचं, सकाळी तेच कोल्ड स्टार्टचं काम करायचं. म्हणून गळती थांबवल्यावर सकाळी गाडी आधीपेक्षा थोडी उशिरा लागली तर घाबरू नका.

मालवणचो_झील
म्हणजे गळतीन् सुद्धा नोकरी केल्यान. काढ ता आता, पण फेकू नको.

खाडीपल्याड
नवा इंजेक्टर मागवायला वेळ लागणार, तोवर काढून बंद करावा असं ठरवतोय. नीट कसा बंद करू?

कुवेतरिटर्न
तीन ठिकाणं, तिन्ही नीट.

इनटेकचं भोक: ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, इंजेक्टरचं बूड कागदावर छापून त्याच आकारात कापा, खाली गॅस्केट पेपर. नुसतं सिलिकॉन फासू नका, पेट्रोलने ते सुटतं आणि तुकडा आत जातो. इथून हवा आत शिरली तर ती तबकडीने मोजलेली नसते, आणि या पद्धतीला न मोजलेली हवा अजिबात चालत नाही, स्लो थरथरणार.

पेट्रोलची लाइन: रबरी नळी दुमडून क्लिप मारणं, खिळा ठोकणं, असलं काही करू नका. ५ बारचा दाब आहे, खाली गरम एक्झॉस्ट आहे. डिस्ट्रिब्यूटरकडूनच लाइन काढा आणि त्याच आट्यांचा भरीव बोल्ट नव्या तांब्याच्या वायसरने बसवा. टर्नरकडे जुना बोल्ट नमुन्याला न्या. बसवल्यावर पंप चालवून पांढऱ्या कागदाने पुसून बघा, कागद ओला होता कामा नये.

थर्मो-टाइम स्विच: तो जागेवरच राहू द्या. पाण्याच्या वाटेतलं बूच तोच आहे. कॅपला टेप लावून बांधून ठेवा.

काढलेलं सगळं, बोल्टसकट, एका डब्यात. चिठ्ठी लिहून.

देवगडकरीण
डब्यात थोडं ग्रीस फासून ठेवा, आणि तांदळाची पुरचुंडी. आमच्याकडे शिवणयंत्राचे सुटे भाग असेच टिकले.

घाटावरचा
आणि एक कारण सामान जपण्याचं. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात बसते. तुमची २०३३ ला पन्नाशीत येईल. तेव्हा इंजिन जसं आलं तसं दाखवता आलं तर आनंदच.

खाडीपल्याड
२०३३! मामी ऐकून हसली, म्हणाली तोवर मी नव्वद. मग थोडा वेळ गप्प होती आणि म्हणाली, तेव्हाही मला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं.

पट्टी बसवली. टर्नरने बोल्ट दुपारात करून दिला. आता दहा दिवस झाले, हिशोब लिहितो. गरम गाडी पहिल्या सेल्फला लागते, बाजारात अर्धा तास उभी करूनसुद्धा. वास नाही, धूर नाही. काल टाकी भरून मोजलं तर आठ पॉइंट दोन. सकाळी मात्र आधी एका दमात लागायची, आता तीन-चार सेकंद सेल्फ फिरवावा लागतो, कधी दुसऱ्यांदा. तेलकटदादा म्हणाले तसंच.

नाना_दापोली
चार सेकंद काहीच नाही. आम्ही हॅन्डल मारलेली माणसं.

घाटावरचा
डिसेंबरात या लग्नाला, मग बघू चार सेकंद.

खाडीपल्याड
(दोन महिन्यांनी) आलो होतो हो घाटावरचे, तुमच्याच कोल्हापूरला, आणि परतताना मामीला आंबोली दाखवली. आंबोलीत पहाटे सहाला गाडी पाचव्या सेल्फला लागली. मधे बॅटरीला दोन-दोन मिनिटं विश्रांती दिली. मामी शाल घेऊन पुढच्या सीटवर बसून होती आणि प्रत्येक सेल्फला डॅशबोर्डवर हात ठेवत होती. मला ते बघवलं नाही.

नवा इंजेक्टर आणि सील मागवलंय. कॅप आणि वायर नवी टाकणार, स्विच चांगला आहे का ते आधी मल्टिमीटरवर बघतो. पट्टी आता जाऊन डब्यात बसेल.

कुवेतरिटर्न
अलहमदुलिल्लाह. स्विच तपासताना थंड असताना अर्थ मिळतो का बघा, मग तोच स्विच काढून गरम पाण्यात, ४० अंशांवर, तुटतो का बघा. काढलात तर त्याचं वायसर नवं घाला आणि कूलंट आधी उतरवा. गरम इंजिनावर नको.

सुरंगीचा_वळेसर
मामींचा फोटो टाका ना, गाडीसकट.

अबोली७१
८०० ला थर्मोस्टॅट बसवला. काटा आता मधोमध येऊन थांबतो, आधी घाट चढल्याशिवाय हलायचाच नाही. लिटरला दीड किलोमीटर वाढलं. तेलकटदादा, हीटरचा एक पाइप पण बंद करून ठेवलाय त्यांनी, तोही उघडून घेऊ का?

तेलकट_हात
पाइप का बंद केला होता ते आधी विचारा. आतला हीटर गळत असेल तर गालिचा ओला होईल. कोरडा असेल तर उघडा, पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायला उपयोगी पडतो.